ल्यूट नावाची अनेक वाद्यं

सोळाव्या शतकात इटलीतल्या बोलोन्या शहरात लाउक्स मालर नावाचा एक जर्मन कारागीर ल्यूट बनवत असे. १५५२ साली तो वारला. त्याच्या मालमत्तेची यादी केली तेव्हा एकट्या कारखान्यात हजारावर ल्यूटं निघाली. त्यांतली आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत आणि त्याच्या हातून जसं बाहेर पडलं तसं त्यांत एकही नाही. मालरची लांबट, बदामी घाटाची पोटं पुढच्या शतकात फार नावाजली गेली. फ्रान्समधले वादक ती जुनी वाद्यं भारी किंमत देऊन मिळवत, त्यांची अरुंद दांडी काढून टाकत, जागी रुंद दांडी बसवत आणि जवळपास दुप्पट तारा चढवत. म्हणजे पोट १५४०च्या आसपासचं, दांडी त्यानंतर शंभर वर्षांनी बसवलेली, आणि तबली मधल्या काळात कुणीतरी दुरुस्त केलेली. अशा वाद्याला कुठल्या काळातलं म्हणायचं, आणि मुळात कुठल्या जातीचं म्हणायचं?

संग्रहालयात पाटी लिहिणाऱ्यापुढे हा प्रश्न रोज असतो. माझ्या मते त्याला एकच धड उत्तर आहे. ल्यूटची जात बाहेरच्या घाटावरून ठरवू नये. तारा किती, किती लांबीच्या आणि कोणत्या सुरात लावलेल्या, यावरून ठरवावी. हे उत्तर साधं वाटतं, पण तिथवर पोचायला अभ्यासकांना बराच काळ लागला.

पहिली अडचण ‘ल्यूट’ या शब्दाच्या व्याप्तीची आहे. १९१४ साली एरिख फॉन होर्नबोस्टेल आणि कुर्ट झाक्स या दोन अभ्यासकांनी जगभरातल्या वाद्यांचं वर्गीकरण प्रसिद्ध केलं. आजही जगभरातली संग्रहालयं तेच वापरतात. त्यात ल्यूट हे एका अफाट कुळाचं नाव आहे. पोटाला दांडी जोडलेली आहे आणि तारा तबलीला समांतर धावतात, एवढं जुळलं की वाद्य ल्यूट कुळातलं. या हिशेबानं सतार ल्यूट, सरोद ल्यूट, मिरजेचा तंबोरा ल्यूट, व्हायोलिनही ल्यूट. वारकऱ्यांच्या दिंडीतली वीणा ल्यूट कुळातली ठरते, पण रुद्रवीणा ठरत नाही. तिची दांडी हेच मुख्य अंग आणि खालचे दोन भोपळे त्याला टांगलेले, म्हणून ती ‘झिथर’ नावाच्या वेगळ्या कुळात जाते. एकाच ‘वीणा’ नावाची दोन वाद्यं दोन वेगळ्या कप्प्यांत पडलेली पाहून आपल्याकडचा वाचक जरा दचकतो.

या वर्गीकरणाच्या मुळाशी एक भारतीय धागा आहे. ब्रसेल्सच्या संगीत विद्यालयाच्या संग्रहालयाचे क्युरेटर व्हिक्टर माहियों यांनी १८८० साली आपल्या संग्रहाची सूची छापायला सुरुवात केली आणि वाद्यांचे चार वर्ग पाडले. तत, सुषिर, अवनद्ध आणि घन ही नाट्यशास्त्रातली विभागणी त्यांच्यासमोर होती. कलकत्त्याच्या सौरींद्रमोहन टागोरांनी १८७६ साली बेल्जियमच्या राजाला भारतीय वाद्यांचा मोठा संच भेट दिला होता आणि तो त्याच संग्रहालयात आला होता. होर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी माहियोंचीच चौकट सुधारून पुढे नेली. म्हणजे ल्यूट ज्या मोठ्या खणात बसवलं जातं, त्या खणाच्या आखणीत भरतमुनींचा हात आहे.

आपला विषय मात्र त्या अफाट कुळाचा नाही. युरोपात साधारण तेराव्या शतकापासून अठराव्या शतकाअखेरपर्यंत वाजत राहिलेलं आणि तिथले लोक ज्याला ल्यूट म्हणत ते वाद्य, आणि त्याची भावंडं, एवढाच तो आहे.

हे वाद्य अरबी ऊदपासून आलं, स्पेन आणि सिसिलीच्या वाटेनं. त्याचं पोट एका लाकडातून कोरलेलं नसतं. वाफेवर किंवा तापवून वाकवलेल्या पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवून ते तयार होतं. या पट्ट्यांची जाडी जेमतेम दीडएक मिलिमीटर, त्यामुळे वाद्य हातात घेतलं की पोकळ वाटावं इतकं हलकं. तबलीच्या मधोमध त्याच लाकडात कोरलेली जाळीदार नक्षी असते. घोडी थेट तबलीला चिकटवलेली. खुंट्यांची पेटी दांडीशी जवळपास काटकोन करून मागे वळलेली. पडदे धातूचे नसतात. मेंढीच्या आतड्याची तात दांडीभोवती गुंडाळून गाठ मारलेली असते, त्यामुळे सतारीच्या पडद्यांसारखे ते सरकवता येतात. ताराही तातीच्याच. बहुतेक तारा जोडीजोडीनं लावतात आणि एक बोट दोन्ही एकदम दाबतं. अशा जोडीला इथे ‘जोड’ म्हणू. सर्वांत वरची, तीव्र सुराची तार तेवढी बहुधा एकटी असते.

पंधराव्या शतकापर्यंत हे वाद्य पिसाच्या नखीनं छेडत. त्या शतकाच्या उत्तरार्धात वादकांनी नखी टाकून बोटं वापरायला सुरुवात केली आणि एकाच वाद्यावर दोन-तीन स्वरपंक्ती एकदम वाजवणं शक्य झालं. १५०७ साली व्हेनिसच्या ऑत्ताविआनो पेत्रुच्ची यांनी फ्रान्चेस्को स्पिनाचिनोचं संगीत छापलं, ते ल्यूटसाठी छापलेलं पहिलं पुस्तक. त्या सुमारास सहा जोडांची रचना पक्की झालेली दिसते. एका जोडापासून दुसऱ्यापर्यंत सा-म एवढं अंतर, फक्त मधल्या ठिकाणी एकदा सा-ग. सर्वांत खालच्या तारेपासून वरच्यापर्यंत बरोबर दोन सप्तकं. पुढची शंभर वर्षं युरोपभर हीच जुळवणी चालली. इंग्लंडचा ल्यूटवादक जॉन डाउलंड याच्या काळापर्यंत खाली सातवा, आठवा, नववा जोड आला, पण वरच्या सहांचं नातं बदललं नाही.

आता आकारांकडे येऊ. जर्मन संगीतकार मिखाएल प्रेटोरियुस यांनी १६१९ साली वाद्यांवरचा एक ग्रंथ छापला आणि पुढच्या वर्षी त्याला चित्रांची पुरवणी जोडली. त्या चित्रांवर त्यांनी फुटपट्टी छापली आहे. त्यामुळे चारशे वर्षांनंतरही वाद्याची लांबी मोजून काढता येते. या क्षेत्रात त्यांच्याइतके उपकार फार थोड्यांचे असतील. त्यांनी ल्यूटचे सात आकार नावानिशी दिले आहेत, चिमुकल्या ल्यूटपासून थेट महाखर्ज ल्यूटपर्यंत, आणि प्रत्येकाची वरची तार कुठल्या सुरात लावायची तेही सांगितलं आहे. पहिल्या आणि सातव्या आकारात दीड सप्तकाहून जास्त अंतर पडतं.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. सातही ल्यूटांवर तारांचं आपसातलं नातं तेच, वादनाची लिपीही तीच. वादक एका ल्यूटवरून दुसऱ्यावर गेला तर बोटं तिथेच पडतात, फक्त षड्ज बदलतो. आपल्याकडे गवई काळी दोनमध्ये गातो की पांढरी पाचमध्ये, त्यावरून राग बदलत नाही, तसंच. म्हणून ‘तार’, ‘मध्य’ किंवा ‘खर्ज’ ल्यूट ही नावं आकार सांगतात, जात सांगत नाहीत. पण आकार आणि सूर यांचं नातं इतकं घट्ट का असावं? याचं उत्तर तातीत दडलेलं आहे, आणि ल्यूटचा पुढचा सगळा इतिहास त्यातूनच निघतो.

कुठलीही तार ताणत गेलं की सूर चढतो आणि एका क्षणी ती तुटते. तुटण्याच्या क्षणी ती कोणत्या सुरात होती हे तिच्या जाडीवर अवलंबून नसतं, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. जाड तार जास्त ताण सोसते, पण जड असल्यामुळे त्याच सुराला पोचायला तिला तितकाच जास्त ताण लागतो. दोन्ही गोष्टी एकमेकींना छेद देतात. उरते ती फक्त लांबी. चांगल्या तातीची लांबी मीटरमध्ये घेऊन तिला सेकंदाच्या कंपनांनी गुणलं, तर तो गुणाकार साधारण २६०च्या पलीकडे जाऊ शकत नाही. एक मीटरची तात २६० कंपनांपर्यंत, अर्ध्या मीटरची ५२०पर्यंत. प्रत्यक्षात वादक त्याच्या थोडं खालीच थांबतो. टॉमस रॉबिन्सन या इंग्रज शिक्षकानं १६०३च्या आपल्या पुस्तकात हाच नियम व्यवहारात उतरवला: वरची तार तुटायच्या भीतीनं जिथवर चढवायचं धाडस होतं तिथवर चढवा आणि बाकीच्या तिच्यावरून लावा. सूर ठरवायला कुठलं यंत्र नाही, पेटी नाही. तातीचं बळ हाच षड्ज.

दुसऱ्या टोकाला वेगळीच अडचण. दोन सप्तकं खालचा सूर तेवढ्याच लांबीच्या तातीतून काढायचा तर ती बरीच जाड घ्यावी लागते, आणि जाड तात बोथट, बसक्या आवाजात बोलते. म्हणून खालच्या जोडांत जाड तारेशेजारी एक पातळ, सप्तकभर वरची तार लावत, तिच्यामुळे आवाजाला धार येई. पण आणखी खाली जायचं तर एकच मार्ग उरतो: तार लांब करा. तातीवर धातूची बारीक तार गुंडाळून ती जड करण्याची युक्ती १६६०च्या आसपास माहीत झाली. तोवर खर्ज म्हणजे लांबीच.

या दोन टोकांच्या ओढीतून थिओर्बो, म्हणजे सुरुवातीच्या नावानं कितारोने, जन्माला आला. १५८९ साली फ्लॉरेन्सला फर्दिनांदो दे मेदिची आणि लोरेनची क्रिस्तीन यांचं लग्न झालं. त्या सोहळ्यातल्या नाट्यप्रयोगांसाठी कितारोने नावाचं एक नवं वाद्य वाजलं. त्याचं श्रेय बार्देल्ला या टोपणनावाच्या अंतोनियो नाल्दी या वादकाला देतात. ग्रीकांची गायनाला साथ करणारी किथारा पुन्हा जिवंत करायची, ही त्या काळच्या फ्लॉरेन्सच्या विद्वानांची हौस, आणि ‘मोठी किथारा’ अशा अर्थाचं हे नाव तिथूनच आलं. १६०२ साली जुलिओ काच्चिनी यांनी आपल्या गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेत आवाजाच्या साथीला कितारोनेसारखं वाद्य नाही असा निर्वाळा दिला.

कितारोने म्हणजे नेमकं काय, हे आकड्यांनीच नीट कळतं. गायकाच्या साथीला भरदार आवाज हवा म्हणून खर्ज ल्यूटचं मोठं पोट घेतलं. त्याच्या तारा ८८ सेंटीमीटरच्या धरू. आता तातीचा नियम लावा: २६०ला ०.८८ने भागलं की २९५ येतात. या वाद्यावर कोणतीही तात २९५ कंपनांच्या वर जाणार नाही. वादकाला वाद्य ‘ला’ स्वरात लावायचं होतं, म्हणजे आजच्या हिशेबानं वरची तार ४४० आणि दुसरी ३३० कंपनांची. दोन्ही तुटणार. तिसरी २४७ची, ती आरामात बसते. मग या लोकांनी वरच्या दोन्ही तारा सप्तकभर खाली उतरवल्या आणि तिसरी तार सर्वांत तीव्र झाली. पहिलीपेक्षा तिसरी वर, अशी ही उलटी जुळवणी थिओर्बोची खरी ओळख आहे. ती एखाद्या कल्पक वादकाची लहर नव्हती. मेंढीच्या आतड्यानं घालून दिलेली अट होती. आणि त्या अटीतून एक नवाच गोडवा निघाला. जवळजवळचे सूर वेगवेगळ्या तारांवर येत असल्यामुळे स्वर एकमेकांत मिसळत वाजतात, आणि साथीत त्याचा परिणाम फार सुंदर होतो.

पुढे या वाद्याला वर दुसरी लांब दांडी आणि दुसरी खुंट्यांची पेटी जोडली. तिच्यावर खर्जाच्या आठेक एकेरी तारा सुट्या लावत. त्या दाबायच्या नाहीत, नुसत्या छेडायच्या. काही वाद्यं त्यामुळे माणसाच्या उंचीपेक्षा मोठी झाली. सतराव्या शतकात त्याला तिओर्बा, म्हणजेच थिओर्बो, हे नावही पडलं. कितारोने आणि तिओर्बा ही दोन वेगळी वाद्यं आहेत असं पुष्कळ काळ समजलं जाई. १९७६ साली इंग्लंडचे वादक आणि अभ्यासक रॉबर्ट स्पेन्सर यांनी जुने ग्रंथ, पत्रं आणि वाद्यं शेजारीशेजारी मांडून एक लेख लिहिला आणि ही दोन नावं एकाच वाद्याची असल्याचं दाखवलं. या विषयावर वाचलेल्या लेखनात इतकं मुद्देसूद आणि इतकं उपयोगी दुसरं काही मला सापडलेलं नाही.

याच्याच शेजारी आर्चल्यूट उभं आहे आणि गोंधळ खरा तिथे होतो. तेही लांब दांडीचं, त्यालाही दोन पेट्या, दुरून पाहिलं तर थिओर्बोच. पण आर्चल्यूटचं पोट लहान आणि दाबायच्या तारा आखूड असतात, म्हणून वरच्या दोन तारा आपल्या मूळ सुरात राहू शकतात. जुळवणी जुन्या ल्यूटचीच राहते, फक्त खर्ज लांबलेला. बोलोन्याच्या आलेस्सांद्रो पिच्चिनिनी यांनी १६२३च्या पुस्तकात या शोधावर आपला हक्क सांगितला आहे. ते लिहितात की १५९४ साली पादुआला ख्रिस्तोफानो हेबर्ले या कारागिराकडे जाऊन त्यांनी आधी लांब पोटाचं ल्यूट करवून घेतलं. ते फसलं, कारण उजवा हात घोडीजवळ पोचेना आणि खर्जाच्या तारांना आवाज येईना. मग दांडी लांबवली. त्या प्रयोगाची हकीकत वाचताना कारागीर आणि वादक समोरासमोर बसलेले दिसतात.

थिओर्बो साथीचं वाद्य, आर्चल्यूट साथीचं आणि एकट्यानं वाजवायचंही. आर्कांजेलो कोरेल्ली यांच्या १६८९च्या सोनाटांत मंद्र पंक्तीवर व्हिओलोने (खर्जाचं गजवाद्य) किंवा आर्चल्यूट असं छापलेलं आहे. या दोन्ही वाद्यांना फोटोवरून नाव देणारा सहज चुकतो. दाबायच्या तारांची लांबी मोजणारा सहसा चुकत नाही.

सतराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात फ्रान्समध्ये दुसरीच उलथापालथ चालू होती. तिथल्या वादकांनी सा-म, सा-ग ही जुनी जुळवणी सोडून नव्या नव्या जुळवण्या करून पाहिल्या. पॅरिसच्या बालार या प्रकाशकानं १६३१ आणि १६३८ साली ‘नव्या जुळवण्या’ याच नावाखाली संग्रह छापले. त्या सगळ्यांतून शेवटी एक टिकली: वरच्या सहा जोडांवर मोकळ्या तारा छेडल्या तर ‘रे’ मायनरचा सुसंवाद निघावा अशी. दनी गोतिए आणि त्यांच्या वर्तुळातल्या वादकांनी अकरा जोडांच्या ल्यूटवर ती रूढ केली. मालरच्या पोटांवर रुंद दांड्या बसल्या त्या याच काळात. पुढे ती जर्मनीत गेली आणि ड्रेस्डेनच्या दरबारातल्या सिल्व्हिउस लेओपोल्ड वाइस यांच्या हातात तेरा जोडांपर्यंत पोचली.

आज सहा ते दहा जोडांच्या जुन्या जुळवणीच्या ल्यूटला ‘रेनेसान्स ल्यूट’ आणि अकरा ते तेरा जोडांच्या नव्या जुळवणीच्या ल्यूटला ‘बरोक ल्यूट’ म्हणतात. ही दोन्ही नावं आपल्या काळातली आहेत. डाउलंड आणि वाइस दोघंही आपल्या वाद्याला फक्त ल्यूट म्हणत. नावं सोयीची असली तरी फसवी आहेत. इटलीत वादकांनी नवी फ्रेंच जुळवणी फारशी उचललीच नाही. तिथे अठराव्या शतकातही आर्चल्यूटवर जुनीच चालत राहिली. कालखंडानं पाहिलं तर ते बरोक, जुळवणीनं पाहिलं तर रेनेसान्स. म्हणून मला ‘जुनी जुळवणी’ आणि ‘रे मायनर जुळवणी’ ही नावं जास्त प्रामाणिक वाटतात. ती बोजड आहेत खरी, पण खोटं बोलत नाहीत.

वाइस यांनी १७२३ साली हॅम्बुर्गच्या योहान मात्तेझोन यांना लिहिलेलं एक पत्र उपलब्ध आहे. त्यात त्यांनी सांगितलंय की वाद्यवृंदात साथ करण्यासाठी त्यांनी थिओर्बोच्या आकाराचं एक वाद्य ल्यूटच्या जुळवणीत बसवून घेतलं आहे. त्या वाद्याला थिओर्बो म्हणायचं की ल्यूट? घाट पाहणारा एक उत्तर देईल, वाजवणारा दुसरं. मी वाजवणाऱ्याच्या बाजूचा आहे.

नावांचा घोळ वाढवण्यात एकोणिसाव्या शतकातल्या व्यापाऱ्यांचा हातही मोठा. जुन्या वाद्यांची श्रीमंत संग्राहकांना हौस लागली तशी फ्लॉरेन्सच्या लेओपोल्दो फ्रान्चोलिनी या व्यापाऱ्यानं तुकडे जोडून वाद्यं तयार करायला सुरुवात केली. खोट्या चिठ्ठ्या चिकटवल्या, नव्या नक्षीला जुनेपण दिलं. १९१० साली न्यायालयानं त्याला फसवणुकीबद्दल दोषी ठरवलं. पण तोवर त्याचा माल युरोप आणि अमेरिकेतल्या संग्रहालयांत पोचला होता. अशा वाद्याच्या पोटातल्या चिठ्ठीवर विसंबून जात ठरवणारे आजही फसतात.

आणखी एक वाद्य बराच काळ ल्यूटच्या नावाखाली झाकलेलं होतं: मँडोरा, ज्याला गालिशों असंही म्हणत. अठराव्या शतकात जर्मनी, ऑस्ट्रिया आणि बोहेमियात ते पुष्कळ वाजे; संगीतकार टेलेमान यांनी आपल्या काही रचनांत त्याच्यासाठी पंक्ती लिहिल्या. पोट ल्यूटचं, पण जोड कमी, तारा लांब आणि जुळवणी गिटारच्या जवळची. पोट पाहून त्याला ल्यूट म्हटलं की त्याचं स्वतःचं संगीत कुणी शोधत नाही, आणि हस्तलिखितं कपाटात पडून राहतात. नावाच्या चुकीची किंमत अशी मोजावी लागते.

वाजायचं थांबलेलं ल्यूट पुढे पुन्हा बनू लागलं. १८९३ साली आर्नोल्ड डोल्मेच यांनी आपलं पहिलं ल्यूट बनवलं आणि १९५६ साली डायना पोल्टन आणि इयन हारवुड यांनी ल्यूट सोसायटी स्थापन केली. सुरुवातीची नवी वाद्यं पुष्कळदा जड पट्ट्यांची आणि गिटारच्या सवयीनं बांधलेली असत. कारागिरांनी मूळ वाद्यं मोजायला, तबलीखालच्या आडव्या पट्ट्या पाहायला सुरुवात केल्यावर वाद्यं पुन्हा हलकी झाली आणि नावंही नेमकी झाली. आज कारागिराकडे वाद्य सांगायला गेलेला वादक ‘एक बरोक ल्यूट हवं’ एवढ्यावर थांबत नाही. दाबायच्या तारांची लांबी किती सेंटीमीटर, जोड किती, खर्जाच्या सुट्या तारा किती आणि किती लांब, जुळवणी कोणती, षड्ज कुठल्या पट्टीत, आणि पोट कोणत्या जुन्या कारागिराच्या कोणत्या वाद्यावरून घ्यायचं, एवढं दोघांत ठरतं. मग कारागीर लाकूड निवडायला बसतो.